थोरलीच्या नावाची नळी

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

हस्तकलेच्या तासाला तू दोन्ही हात पुढे करून बसायचीस आणि मी तुझ्या हातांवरची लोकरीची लडी सोडवत गुंडा करायचे, आठवतं का गं? तू वरच्या वर्गात, पण त्या तासाला दोन्ही वर्ग एकत्र बसायचे, म्हणून आपण मावसबहिणी एका बाकावर. मध्येच तुझं नाक खाजायचं. हात अडकलेले, मग मी गुंडा मांडीवर ठेवून तुझं नाक खाजवून द्यायचे. सिस्टर मागून येऊन एवढंच म्हणायच्या, "ओढू नका. येतोय तेवढाच घ्या."

जन्मभर मी तेच करत आले बघ. फक्त लोकरीच्या जागी डीएनए. तो लांबच लांब धागा असतो, आणि नळीतून जरा जोरात ओढला की तुटतो. आम्हाला तर लांबच तुकडे हवे असतात. तुझ्या सिरम संस्थेतल्या घोड्यांच्या अंगात सापाचं विष थोडंथोडं सोडलं की त्यांचं रक्त त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं तयार करतं, हे मी तुला काय सांगणार. पण ती तयार करायला लागणारी जनुकं एकदोन नसतात. एकाच लांब पट्टीवर खंडीभर जनुकं ओळीने बसलेली, सगळी एका घरातली, सगळ्यांची नाकं सारखी. छोटा तुकडा हातात आला तर हा नक्की कुणाच्या शेजारी बसत होता ते कळत नाही. लांब तुकडा आला तर डावीउजवीकडचे शेजारीही दिसतात आणि ओळख पटते. म्हणून एकेक लांब तुकडा एकेका जिवाणूच्या पोटात ठेवायचा आणि जिवाणू वाढवायचे. ते वाढतात तसा आपला तुकडाही वाढतो. त्यालाच क्लोन म्हणतात. असे हजारो क्लोन आमच्या शीतकपाटात बशांमध्ये गोठून पडलेत. आम्ही त्याला लायब्ररी म्हणतो. सगळी लायब्ररी एकाच घोडीची. तुझ्या थोरलीची.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर तू म्हणशील बुटकी गोडगोड बोलतेय म्हणजे काहीतरी मागणार. मागणारच आहे. वर्षअखेरीला मी निवृत्त होतेय आणि माझ्या मागे ही प्रयोगशाळा बंद होणार. शेवटची विद्यार्थिनी उरलीये. सगळे तिला माझं शेंडेफळ म्हणतात. तिचा सगळा प्रबंध म्हणजे त्या पट्टीचा नकाशा, आणि नकाशात बरोब्बर मधोमध एक फट राहिली आहे. तेवढा तुकडा जिवाणूंनी कधी धरूनच ठेवला नाही. परीक्षक म्हणतात, फट भरा. जुनं रक्त संपलं. दुसऱ्या घोडीचं चालत नाही, प्रत्येकीची पट्टी थोडी वेगळी असते.

थोरलीचं एक नळीभर रक्त मिळेल का? ती म्हातारी झाली, तिला तुम्ही केव्हाच सुईतून मोकळं केलंय, हे सगळं ठाऊक असून मागतेय. मागताना लाज वाटते. पण पोरीला परदेशात जागा मिळाली आहे, ऑगस्टपर्यंत प्रबंध दिला तरच.

(फोन करत नाही, कारण तुला ऐकू येत नाही आणि ते तू कबूल करत नाहीस.)

तुझी,
बुटकी


२१ फेब्रुवारी

प्रिय बुटके,

मला ऐकू येतं. तू फोनवर पुटपुटतेस.

एवढं मोठं पत्र लिहिलंस एका नळीसाठी! आम्ही इथे घोड्यांचं रक्त पिशव्या भरभरून काढलंय. त्या सिरमवर माणसं वाचली, आणि घोड्या उभ्या उभ्या म्हाताऱ्या झाल्या. तेव्हा कुणी लाजलं नाही, आणि तू एका नळीला लाजतेस? शाळेतही तशीच होतीस. दुसऱ्याची पेन्सिल मागायची असली की आधी त्याच्या आजोबांची चौकशी.

नळी बर्फात घालून काल पाठवली. वर माझ्या हाताने चिठ्ठी चिकटवली आहे. थोरलीला कळलंसुद्धा नाही. काळजी करू नकोस.

तब्येतीने ती बरी आहे. दात गेलेत, म्हणून भुसा भिजवून देतो. दुपारी तबेल्याच्या मागच्या भिंतीला उन्हात उभी राहते आणि शेजारच्या ठाणावर तिची लेक, धाकटी, मान लांबवून हिची आयाळ चावत बसते. धाकटी अजून कामावर आहे. मोतद्दार म्हणतो, मायलेकी रोज कुणाबद्दल एवढ्या कुजबुजतात देव जाणे. मी म्हटलं, तुझ्याबद्दल.

तुझ्या शेंडेफळाला सांग, चांगलं शीक आणि वेळेवर जेव. बाकी तुम्हा लोकांचं ते नाकांचं मला काही कळलं नाही. पट्टी पट्टी काय, आईचं रक्त ते लेकीचं रक्त, एवढं आम्हाला माहीत.

ताई


२ मे

प्रिय ताई,

नळी आली आणि प्रयोगशाळेत बारसं असल्यासारखी गडबड झाली.

तू पाहायला हवं होतंस. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून शेंडेफळाने त्या कोमट जेलीत मिसळल्या आणि साच्यात ओतल्या. पेशी जेलीच्या ठोकळ्यात अडकल्या की आतला धागा कितीही धुतला तरी तुटत नाही. प्रत्येक पिपेटची टोकं ती आधी ब्लेडने कापून रुंद करते. मी शिकवलं नव्हतं, तिचं तिलाच सुचलं. मी बाजूला उभी राहून म्हणाले, "ओढू नकोस, येतंय तेवढंच घे." ती म्हणाली, "मॅडम, हे तुम्ही आज सकाळपासून सारखं म्हणताय. चहा घेऊन या ना." हाकललं मला, माझ्याच प्रयोगशाळेतून!

नवे क्लोन वाढलेत. त्यातले सात त्या फटीवरून आडवे पडताहेत असं दिसतंय. आता ते वाचायचे, बस्स. पोरीने व्हिसाचे फोटोही काढले. फोटोत ती गुन्हेगारासारखी दिसते, असं तिचं म्हणणं. मला मात्र परदेशी गेलेल्या माझ्या लेकीचा पासपोर्ट आठवला आणि उगाच डोळे भरून आले.

थोरलीला माझ्यातर्फे गाजरं दे. किसून दे, दात नाहीत तिला. मनातून तिचं ऋण काही जात नाही गं. स्वप्नात येते आणि नुसती बघते.

बुटकी


२३ जून

प्रिय ताई,

कुणाशी तरी बोलायलाच हवं, म्हणून लिहितेय.

फट भरलीच नाही. उलट सगळा नकाशा खोटा ठरायची वेळ आली आहे. सोपं करून सांगते. प्रत्येक घोडीकडे त्या पट्टीच्या दोनच प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. थोरलीच्या दोन्ही प्रती आम्ही केव्हाच वेगळ्या करून ठेवल्यात. नव्या क्लोनपैकी निम्मे त्यातल्या एका प्रतीशी अक्षर न् अक्षर जुळतात. उरलेले निम्मे दोन्हींपैकी कशाशीच जुळत नाहीत. म्हणजे तिसरी प्रत. एका घोडीला आई एक, बाप एक. तिसरा आला कुठून?

मी शेंडेफळाला म्हणाले, "तू दुसऱ्या कुठल्यातरी घोड्याचं काहीतरी मिसळलंस." ती म्हणाली, "मॅडम, आपल्याकडे दुसरा घोडाच नाही." मी म्हणाले, "मग भांडी नीट धुतली नसशील." हे मी सगळ्यांसमोर म्हणाले, ताई. तिने सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच आलं.

आता एकच अर्थ उरतो. मी फार पूर्वी त्या सारख्या नाकांच्या दोन शेजारणींना एकच समजून बसले, आणि त्या पायावर तिने सगळी इमारत उभी केली. त्या पट्टीवरचा आमचा जुना निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला मी पत्र लिहिलंय, की हा निबंध आम्ही मागे घेतो. ऑगस्टची मुदत हुकणार. काल तिच्या आईचा फोन आला. फक्त म्हणाल्या, "ती जेवत नाहीये हो. तुम्ही सांगितलंत तर जेवेल." मी काय सांगू? कुठल्या तोंडाने?

बुटकी


१ जुलै

बुटके,

घाई करू नकोस. ते पत्र धाडू नकोस एवढ्यात.

थोरलीची तब्येत ठीक नाही. मागचे पाय सुजलेत. मी तबेल्यातच असते. नंतर लिहिते.

त्या मुलीचं नक्की काय होणार आहे? जागा जाणार म्हणजे जाणारच, की थांबतात ते लोक? हे कळव.

ताई


६ जुलै

प्रिय ताई,

पत्र तर केव्हाच गेलं गं. जागेचंही गेल्या आठवड्यात उत्तर आलं. त्यांना थांबता येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. शेंडेफळाने मला दाखवलं आणि म्हणाली, "असू दे मॅडम, माझे फोटो तसेही वाईट आले होते." मी हसले. मग स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडले.

थोरलीला काय झालं? खरं सांग. मी मागितलं त्या रक्ताने तर नाही ना? म्हाताऱ्या जिवाला तेवढंही सोसलं नसेल. तू मला वाईट वाटू नये म्हणून लपवतेयस. तू लपवलंस की तुझी वाक्यं आखूड होतात, हे मला शाळेपासून माहीत आहे.

बुटकी


११ जुलै

प्रिय बुटके,

लपवतेय, पण ते नाही.

थोरलीच्या अंगातून तुझ्यासाठी एक थेंबही काढलेला नाही. नळीतलं रक्त धाकटीचं आहे.

एका दमात सांगते, मध्ये थांबले तर जमायचं नाही. त्या दिवशी मी सुई आणि नळी घेऊन थोरलीकडे गेले. ती मागच्या भिंतीला उन्हात होती. इतकी वर्षं तिने सुई पाहिली नव्हती. मला वाटलं, बिचकेल, कान मागे पाडेल, तर धरायला मोतद्दाराला बोलवू. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. आणि स्वतःहून मान वळवली. डावीकडे वळवून ताणून धरली, शीर वर यावी म्हणून. आम्ही तिला पूर्वी तसं शिकवलं होतं. दोरी नाही, कुणी धरलेलं नाही, आणि ती मान देऊन उभी. डोळे मिटून.

बुटके, मी पशुवैद्य. जन्मभर मी हजारो माना टोचल्या, मला कधी काही झालं नाही. त्या दिवशी हातच उचलेना. एका नळीने तिचं काही बिघडलं नसतं, हे माझ्याहून चांगलं कुणाला ठाऊक? पण ती मान पाहून मला वाटलं, आपण हिच्याकडून इतकं घेतलं की हिला आता नकार देणंच आठवत नाही. मी सुईला टोपण लावलं आणि शेजारच्या ठाणावर गेले. धाकटीने दोन लाथा झाडल्या, मोतद्दाराचा सदरा चावला, तेव्हा कुठे मला बरं वाटलं. तिचं रक्त काढलं आणि वर थोरलीचं नाव लिहिलं.

तुला का नाही सांगितलं? तुला "नाही" म्हणणं मला जमत नाही, शाळेतही जमत नसे. आणि मनात म्हटलं, आईचं काय, लेकीचं काय, रक्त तेच. तू पत्रात लिहिलं होतंस की चालत नाही. मी ते वाचलं आणि मला सोयीचं तेवढं समजून घेतलं. तुझं जूनचं पत्र आलं तेव्हा कळलं काय झालं ते. तरी दहा दिवस गप्प राहिले.

तुझी ती तिसरी प्रत, कुठून आली विचारतेस ना? धाकटीच्या जन्माआधी आमचं कुंपण तुटलं होतं आणि शेजारच्या मळ्यातलं एक तट्टू आत शिरलं होतं. दिसायला अगदी टाकाऊ. तो बाप.

त्या मुलीला माझ्या तोंडाने सांगायला मी तिथे येते. तू म्हणशील त्या दिवशी.

ताई


१९ जुलै

ताई,

तुझं पत्र वाचून आधी इतका राग आला की ते मी ड्रॉवरमध्ये कोंबून कुलूप लावलं. मग ते तट्टू आठवून हसू फुटलं. मग पुन्हा राग.

शेंडेफळाला सगळं वाचून दाखवलं. तुझी परवानगी घेतली नाही, तेवढी फिट्टंफाट. मान वळवल्याचं आलं तिथे मी पत्र तिच्या हातात दिलं, पुढचं तिनेच वाचलं. मग उठून फळ्याशी गेली, दोन रेघा काढल्या आणि म्हणाली, "मॅडम, धाकटीची एक प्रत तट्टूची. पण दुसरी थोरलीनेच दिलेली ना? मग जे निम्मे क्लोन अक्षर न् अक्षर जुळतात, ते थोरलीचेच. आणि फट त्यांनीच ओलांडली आहे."

फट भरली, ताई. आईने लेकीला दिलेल्या प्रतीने भरली. नकाशा खरा होता. ही साधी गोष्ट मला महिनाभर दिसली नाही.

का दिसली नाही, ते लिहिते. नळीवर तुझं अक्षर होतं, म्हणून नळीवर शंका घ्यायचं मला सुचलंच नाही. शंका घ्यायची वेळ आली तेव्हा मी त्या पोरीच्या हातांवर घेतली. जी टोकं कापून कापून काम करत होती, तिच्या हातांवर. तू एक खोटं नाव लिहिलंस. मी खऱ्या माणसाला खोटं ठरवलं, तेही चारचौघांत. तुझ्यावर रागवायला मला तोंड नाही.

नियतकालिकाला दुसरं पत्र लिहिलंय, की निबंध बरोबर होता आणि चूक माझी होती. लोक हसतील. हसू देत. पण गेलेली जागा काही परत येत नाही.

थोरली कशी आहे?

बुटकी


३० जुलै

प्रिय बुटके,

थोरली काल दुपारी गेली. भिंतीपाशी उन्हात बसली होती, ती उठली नाही. मी जवळ होते. शेवटी त्रास वाचवायला इंजेक्शन हातात घेतलं होतं, पण तिने मान वळवायच्या आतच ती गेली. तेवढी एक गोष्ट तिने मला माफ केली.

धाकटी भिंतीकडे बघत उभी आहे. माझ्या हातात काही दिसलं की मागे सरते. सरू दे.

तुझं आवरून झालं की कळव. तुझ्या लायब्ररीचं काय करणार? थोरलीचं आता तेवढंच उरलंय जगात. ते आणि ही लाथा मारणारी.

ताई


१४ डिसेंबर

प्रिय ताई,

उद्यापासून प्रयोगशाळेला कुलूप. शेंडेफळाचा प्रबंध मान्य झाला. तिने प्राण्यांच्या रकान्यात दोघींची नावं लिहिली, आणि आभारात त्या तट्टूचंही. परीक्षकांनी विचारलं, हे कोण? ती म्हणाली, "वडीलधारे आहेत." दोन ठिकाणी तिने अर्ज केलेत, अजून उत्तर नाही.

माझे गुडघे पाहता मी पुढच्या महिन्यात येईन की नाही सांगता येत नाही. ड्रायव्हरबरोबर सामान पाठवतेय. कुणाला काय, ते नीट वाच.

लायब्ररीचा एक संच विद्यापीठाच्या मोठ्या शीतकपाटात गेला. दुसरा शेंडेफळाच्या नावाने ठेवलाय. ती जिथे जाईल तिथे तो जाईल, मागेल तेव्हा, कुणाची सही लागणार नाही. सातांपैकी फट भरणारे थोरलीच्या प्रतीचे क्लोन तिच्या संचात पहिल्या बशीत आहेत.

तिच्यासाठी मी एक शिफारसपत्र लिहिलंय. त्याच्या प्रती मी पाकीट बंद न करता तिला दिल्या, तिने आधी वाचावं म्हणून. त्यात लिहिलंय की या मुलीच्या हातांवर मी एकदा शंका घेतली, सगळ्यांसमोर, आणि चूक माझी होती. ती म्हणाली, "असं कुणी शिफारसपत्रात लिहितं का?" मी म्हटलं, मी लिहिते. तुझ्याकडे एक प्रत ठेवतेय. माझ्यामागे कुणी विचारलं तर दाखव.

जेलीचे साचे शाळेला दे, आपल्याच. बर्फाचे ठोकळे करायला का होईना.

मोतद्दाराला नवा सदरा. धाकटीने खाल्ला त्याच मापाचा.

तुझ्या नावाने एक नळी आहे, रिकामी, धुतलेली. वर तुझ्या अक्षरात थोरलीचं नाव आहे. मी ते पुसलं नाही. खाली धाकटीचं लिहिलंय. ती तुझ्या टेबलावर ठेव. रागाने देत नाहीये.

संस्थेच्या संचालकांना मी एक पत्र लिहिलंय, तेही तूच द्यायचंस. धाकटीला आता सुईतून मोकळं करा, एवढीच विनंती आहे. तिने आणि तिच्या आईने आमच्या पट्टीसाठी दिलं ते पुरे झालं. ते नाही म्हणाले तर पुन्हा जा. तुला "नाही" म्हणता येत नाही, तर निदान ऐकूही येत नाही, असं कर.

आणि गोणीभर गाजरं आहेत. सगळी धाकटीला. तिचे दात शाबूत आहेत, किसायची गरज नाही. पण देण्याआधी दोन्ही हात पुढे कर, लोकर धरायचीस तसे, आणि ती पुरतं बघून घेईपर्यंत तसेच धर. हातात काही नाही हे तिला दिसू दे. नाक खाजलं तर सोस. ओढू नकोस. ती येईल तेवढीच येऊ दे, आणि मग दे.

तुझी,
बुटकी